पाबळच्या मस्तानीबाई : एका घोडेस्वार स्त्रीची जीवनकथा

वाचकहो, पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे एक गाव आहे. शिक्षणक्षेत्रात वावरणाऱ्यांना हे गाव विज्ञान आश्रमामुळे माहीत असते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे हा आश्रम सुरू केला आणि खेड्यातील मुलांना हाताने काम करीत शिकण्याची वाट दाखविली. पण याच गावात त्याहून कितीतरी जुनी एक जागा आहे. एका साध्या आवारात, कमी उंचीच्या भिंतींच्या आत, एक कबर आहे. मुसलमान तिला मजार म्हणतात, हिंदू तिला समाधी म्हणतात, आणि दोघेही तेथे हात जोडतात वा फातिहा पढतात. ही कबर मस्तानीबाईंची.

मस्तानी हे नाव न ऐकलेला मराठी माणूस विरळा. त्यांच्या सौंदर्याच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पानाचा विडा खाल्ला म्हणजे त्याचा लाल रस गळ्यातून उतरताना दिसे, ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. पुण्यात तर त्यांच्या नावाचे थंडगार पेयही मिळते. ना. सं. इनामदारांच्या १९७२ च्या 'राऊ' या कादंबरीने आणि तिच्यावर आधारलेल्या २०१५ च्या हिंदी चित्रपटाने हे नाव घरोघरी नेले. इतके असूनही, ही बाई कोण होती आणि तिच्या अंगी कोणते गुण होते, असे विचारले तर आपले उत्तर रूप आणि नृत्य यांपाशीच थांबते. प्रस्तुत लेखात आपण त्यांना जरा वेगळ्या बाजूने पाहू. परंपरा आणि इतिहासकार दोघेही सांगतात की त्या उत्तम घोडेस्वार होत्या, भाला व तलवार चालवीत आणि पेशव्यांबरोबर मोहिमांवर जात. म्हणून त्यांची कथा सांगताना आधी घोड्याची, त्यातही अरबी घोड्याची, थोडी कथा सांगितली पाहिजे.

इ. स. २०१२ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये घोड्याच्या इतिहासावर एक मोठे प्रदर्शन भरले होते. मे ते सप्टेंबर असे चार महिने ते चालले आणि लोकांना ते विनामूल्य पाहता आले. अरबस्तानातील खडकांवर कोरलेल्या घोड्यांच्या चित्रांपासून इंग्लंडच्या शर्यतीच्या मैदानापर्यंतचा प्रवास त्यात मांडला होता. आज जगभर शर्यतीत धावणारे जे 'थरोब्रेड' घोडे आहेत, त्यांची वंशावळ पूर्वेकडून इंग्लंडात गेलेल्या तीन घोड्यांपर्यंत जाते, हे अनेकांना त्या प्रदर्शनात कळले. तेथे एक हस्तलिखितही मांडले होते. इजिप्तचे शासक अब्बास पाशा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आपली माणसे अरबस्तानातील बदाऊंकडे पाठविली आणि कोणत्या टोळीकडे कोणत्या घराण्याचे घोडे आहेत, त्यांची पिढ्यान् पिढ्यांची साखळी कशी आहे, हे लिहवून घेतले. तेच हे हस्तलिखित.

आता या वंशावळीतील खरी गोष्ट ध्यानात घ्या. बदाऊ लोक घोड्याचे घराणे त्याच्या आईवरून मोजतात. बाप कितीही नामांकित असला तरी शिंगराची जात आईची. आख्यायिका अशी आहे की, पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांनी अनेक दिवस तहानलेल्या घोड्या पाण्याकडे सोडल्या आणि त्या पाण्यापाशी पोहोचण्याआधीच त्यांना माघारी बोलावले. पाच घोड्या तेवढ्या तशाच तहानलेल्या परत आल्या. अरबी घोड्यांची पाच थोर घराणी याच पाच घोड्यांपासून निघाली, असे लोक सांगतात. कुहैलान, सक्लावी, उबैयान, हमदानी आणि हदबान ही त्या घराण्यांची नावे. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. पण जो समाज अशी आख्यायिका जपतो, त्याच्या मनात आईचे स्थान कोणते असेल, हे तिच्यावरून दिसते. कुरआन शरीफातील शंभराव्या सूरहचे नावच 'अल्-आदियात', म्हणजे धावणारे घोडे, असे आहे.

बदाऊ लढाईत घोडीच पसंत करीत. रात्रीच्या छाप्यात शत्रूच्या घोड्यांचा वास येताच घोडा खिंकाळतो, घोडी सहसा गप्प राहते. थंडीवाऱ्यात घोडीला आणि शिंगराला माणसांच्या तंबूत जागा मिळे. म्हणून हे जनावर माणसाळलेले, समजूतदार आणि धन्याचा आवाज ओळखणारे झाले. अंगाने ते फार मोठे नसते. खांद्यापाशी उंची पाच फुटांच्या आसपास किंवा त्याहून थोडी कमी. कपाळ रुंद, नाकाकडे चेहरा किंचित खोलगट, नाकपुड्या मोठ्या, डोळे टपोरे, पाठ आखूड आणि धावताना शेपटी उंच. त्याचा मोठा गुण म्हणजे दम. थोड्या दाण्यावर आणि थोड्या पाण्यावर लांबची मजल मारण्यात त्याच्या तोडीचा घोडा क्वचितच सापडेल.

हा घोडा आपल्या मुलखात आला तो समुद्रावरून. बसरा, बहरीन, होर्मुझ आणि ओमान येथून गलबते भरून घोडे ठाणे, चौल, दाभोळ आणि गोवा या बंदरांत उतरत. तेराव्या शतकाच्या अखेरीस आलेला व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो लिहून गेला आहे की, ठाण्याच्या राजाने समुद्रावरील चाच्यांशी करारच केला होता. लुटीतील घोडे राजाचे आणि बाकीचा माल चाच्यांचा! पुढे १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यावर हा व्यापार त्यांनी आपल्या मुठीत धरला आणि घोड्यांवरील जकात हे गोव्याच्या उत्पन्नाचे मोठे साधन बनले. बहमनी राज्याचा विद्वान वजीर महमूद गावान हाही मूळचा व्यापारी. तो दाभोळ बंदरात उतरला, वजीर झाला आणि बिदर येथे त्याने १४७२ मध्ये मोठा मदरसा उभा केला.

पाबळच्या शेजारच्या मुलखातील एक प्रसंग तर फारच बोलका आहे. इ. स. १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी विकण्यासाठी एकच घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. पावसाळा त्याने तेथेच काढला. जुन्नरच्या खानाने त्याचा तो घोडा काढून घेतला आणि तू आमचा धर्म स्वीकार, मगच घोडा मिळेल, अशी अट घातली. शेवटी खुरासानहून आलेल्या एका मुसलमान गृहस्थाने मध्ये पडून रदबदली केली आणि घोडा मूळ धन्याला विनाअट परत मिळवून दिला. धर्माचे नाव पुढे करून दुसऱ्याची वस्तू अडकविणारा आणि परक्यासाठी शब्द टाकणारा, दोघेही एकाच गावात, एकाच वेळी भेटले. आपण त्यांपैकी कोणाची आठवण ठेवायची, हे आपल्या हाती आहे.

घोड्याबरोबर शब्दही आले. रिकीब आणि नाल हे शब्द अरबीतून; लगाम, जीन, चाबूक, स्वार आणि बारगीर हे फार्सीतून. आज ते मराठीत इतके मुरले आहेत की कोणाला परके वाटत नाहीत. उलट, आपल्याकडचे शालिहोत्र, म्हणजे घोड्यांचे वैद्यकशास्त्र, बहमनी राजवटीत फार्सीत गेले आणि घोड्याच्या वैद्याला सलोतरी हे नाव मिळाले. म्हणजे देवघेव दोन्ही बाजूंनी झाली.

अरब लोक घोडे विकत, घोड्या सहसा विकत नसत. त्यामुळे दख्खनमध्ये आले ते बहुतेक नर. त्यांचा संकर येथील काटक तट्टाण्यांशी झाला. भीमेच्या दोन्ही तीरांवरच्या गवताळ माळांवर ही संतती वाढली आणि भीमथडीचे तट्टू म्हणून नावाजली. आजच्या दौंड तालुक्याचा मुलूख पूर्वी भीमथडी तालुक्यात मोडत असे. ही तट्टे दिसायला लहान, पण डोंगरकडे चढणारी, कडब्यावर गुजराण करणारी आणि न थकणारी. शिवछत्रपतींच्या काळापासून मराठी फौजेची भिस्त त्यांच्यावर होती. २०२३-२४ मध्ये भीमथडी घोड्याला स्वतंत्र देशी जात म्हणून अधिकृत मान्यताही मिळाली. परदेशी बाप आणि देशी आई यांची ही संतती आज मराठी पराक्रमाची खूण मानली जाते, ही गोष्ट पुढे वाचताना मनात असू द्या.

या घोड्यांच्या जोरावर ज्यांनी हिंदुस्थानचे राजकारण फिरविले ते पहिले बाजीराव पेशवे. जन्म १८ ऑगस्ट १७००. विसाव्या वर्षी पेशवाई मिळाली आणि पुढची वीस वर्षे बहुतेक खोगिरावरच गेली. त्यांच्या फौजेत जड तोफा व बाजारबुणगे कमी, स्वार अधिक. घोड्याचा तोबरा आणि स्वाराची शिदोरी एवढाच संसार. १७२८ मध्ये पालखेडला त्यांनी निजामाला याच वेगाने कोंडीत पकडले. १७३७ मध्ये दहा दिवसांची मजल दोन-तीन दिवसांत मारून ते दिल्लीच्या वेशीवर उभे राहिले.

त्याच सुमारास उत्तरेकडे बुंदेलखंडात महाराजा छत्रसाल राज्य करीत होते. तरुणपणी ते शिवछत्रपतींना भेटले होते आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ मोगलांशी झुंजले. त्यांचे गुरू स्वामी प्राणनाथ. त्यांचा प्रणामी पंथ हिंदू व इस्लामी धर्मग्रंथांतील एकच सत्य शोधू पाहणारा. अशा दरबारात मस्तानीबाई वाढल्या. त्या छत्रसालांच्या कन्या. त्यांची आई मुसलमान होती, असे परंपरा सांगते. त्या घरात कृष्णाचे भजनही होई आणि नमाजही पढली जाई. मुलीने घोड्यावर बसणे, भाला पेलणे आणि गाणेही शिकणे यात तेथे कोणाला वावगे वाटले नाही.

छत्रसाल ऐंशीच्या घरात आले असताना अलाहाबादचा सुभेदार मुहंमदखान बंगश याने बुंदेलखंडावर स्वारी केली. वृद्ध राजा जैतपूरजवळ अडचणीत सापडला. त्याने बाजीरावांकडे मदत मागितली आणि मार्च १७२९ मध्ये मराठी घोडदळ वाऱ्यासारखे तेथे पोहोचले. बंगशला वेढा पडला, त्याची रसद तुटली आणि बुंदेलखंडात पुन्हा पाऊल न टाकण्याच्या बोलीवर तो सुटला. छत्रसालांनी बाजीरावांना पुत्र मानले आणि राज्याचा मोठा हिस्सा दिला. याच संबंधातून मस्तानीबाई बाजीरावांच्या जीवनात आल्या.

वाचकहो, येथे जरा थांबून विचार करा. राजाची मुलगी, स्वतःच्या मुलखात मानाने राहणारी, शेकडो कोस ओलांडून दख्खनमध्ये आली. भाषा वेगळी, अन्न वेगळे, घरातील रीतिरिवाज वेगळे. तिला येथे आपले म्हणता येईल असे काय होते? एक पती आणि दुसरा घोडा. बाजीराव मोहिमेवर निघाले म्हणजे त्याही निघत आणि रिकिबीला रिकीब लावून चालत, असे सांगतात. वाड्यात ज्यांना जागा कमी पडली, त्यांना छावणीत जागा होती. छावणीत स्वाराची किंमत त्याच्या मांडीवरून ठरते आणि जो घोड्यावरून पडत नाही त्याला कोणी जात विचारीत नाही.

पुण्यात १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. या वाड्यात मस्तानीबाईंसाठी स्वतंत्र महाल होता. वाड्याच्या एका दरवाजाला आजही मस्तानी दरवाजा म्हणतात. अलीबहादूर दरवाजा हेही त्याचेच नाव. पुढे कोथरूडला त्यांच्यासाठी वेगळा महाल बांधला. बाजीरावांनी त्यांना पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे दिली. पाबळला त्यांची गढी होती. बाजीरावांच्या पत्नी काशीबाई यांचे माहेर चास. तेही याच परिसरात, राजगुरुनगरच्या बाजूला. एकाच माणसाशी बांधलेल्या दोन स्त्रियांची गावे अशी जवळजवळ होती. या दोघींत वैर होते असे कादंबऱ्यांत कितीही रंगवले, तरी काशीबाईंनी पुढे काय केले ते पाहता त्यांच्याविषयी आदरच वाटतो. ते ओघाने येईलच.

१७३४ मध्ये मस्तानीबाईंना मुलगा झाला. बाजीरावांच्या मनात त्याची मुंज करावी, त्याला आपल्या इतर मुलांप्रमाणेच वाढवावे, असे होते. त्याचे कृष्णराव हे नावही सांगितले जाते. पण पुण्याच्या ब्रह्मवृंदाने नकार दिला. बाप पेशवा, अवघा हिंदुस्थान ज्याला वचके असा. तरी मुलाला बापाचा धर्म मिळाला नाही, कारण आई. मुलगा शमशेरबहादूर या नावाने, आईच्या धर्मात वाढला.

अरबांच्या वाळवंटात आईवरून घराणे मोजतात, हे आपण वर पाहिले. तेथे ते मोजमाप मान देण्यासाठी होते. पुण्यातही मोजमाप आईवरूनच झाले, पण ते बाहेर ठेवण्यासाठी. माणसाची तुलना जनावराशी करू नये हे खरे. तरीही मनात येते की, परक्या घोड्यापासून झालेल्या भीमथडीच्या तट्टाला आपल्या पागेत घेताना ज्यांनी क्षणभरही विचार केला नाही, त्यांना परक्या आईचा मुलगा पंक्तीला बसविताना एवढा विचार का पडावा? हा प्रश्न त्या एका काळाला किंवा एका समाजाला विचारण्याचा नाही. सोयरीक जुळविताना, शाळेत नाव घालताना, भाड्याने खोली देताना आपण सर्वच कमीअधिक प्रमाणात हे मोजमाप वापरतो. मुलाची हुशारी पाहण्याआधी त्याचे आडनाव पाहतो. जुन्नरच्या खानाने घोडा अडकविला होता. आपण माणूस अडकवितो, एवढाच फरक.

बाजीरावांच्या घरातील ताण वाढत गेला. ते मांस खातात, मद्य पितात आणि हे सर्व मस्तानीमुळे, असा आक्षेप होता. मातोश्री राधाबाई, बंधू चिमाजीअप्पा आणि थोरले चिरंजीव नानासाहेब यांना समाजाच्या बहिष्काराची धास्ती होती. ही माणसे वाईट नव्हती. चिमाजीअप्पांनी त्याच १७३९ साली वसईचा किल्ला घेतला. त्यांच्या शौर्याबद्दल कोणाचे दुमत नाही. पण लोक काय म्हणतील या एका भयापुढे चांगली माणसेही कशी वागतात, याचे हे उदाहरण आहे.

१७३९ च्या अखेरीस मस्तानीबाईंवर पुण्यात पहारा बसला. बाजीराव त्या वेळी पाटसला होते. पाटस आज दौंड तालुक्यात, पुण्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, भीमथडीच्याच मुलखात. नोव्हेंबरमध्ये मस्तानीबाई पहाऱ्यातून निसटल्या आणि पाटसला येऊन पोहोचल्या. त्या काळी हे अंतर झटपट कापायला घोड्याखेरीज दुसरे साधन नव्हते. त्यांच्या आयुष्यातील सर्व मोहिमा पतीच्या संगतीत झाल्या. ही एक मात्र त्यांची एकटीची. पण ती व्यर्थ गेली. घरच्या मंडळींच्या आग्रहापुढे त्यांना परत धाडावे लागले. बाजीराव निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी लढायला गेले आणि मागे १७४० च्या जानेवारीत मस्तानीबाईंना पुन्हा कैद झाली. साताऱ्यास शाहू छत्रपतींचा कल बाजीरावांचे मन दुखवू नये असा होता, पण त्याचा उपयोग झाला नाही.

बाजीरावांनी नासिरजंगाचा पराभव केला, तह केला आणि ते आपल्या जहागिरीच्या बंदोबस्तासाठी नर्मदेकडे गेले. तेथे रावेरखेडी येथे तापाने त्यांचे २८ एप्रिल १७४० रोजी निधन झाले. चाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. शेवटच्या दिवसांत काशीबाई त्यांच्यापाशी होत्या, मस्तानीबाई कैदेत. बातमी दख्खनमध्ये आल्यावर थोड्याच काळात त्यांचाही अंत झाला. कोणी म्हणतात, अंगठीतील हिरा गिळला. कोणी म्हणतात, धक्क्याने प्राण गेला. त्यांना त्यांच्या इनामाच्या पाबळ गावी दफन केले. बाजीरावांची समाधी नर्मदेकाठी, मस्तानीबाईंची कबर पाबळला. जिवंतपणी रिकिबीला रिकीब लावून चाललेली ही दोन माणसे मेल्यावर शेकडो किलोमीटर दूर राहिली.

सहा वर्षांचा शमशेरबहादूर पोरका झाला. आता काशीबाईंकडे पाहा. त्यांनी या मुलाला जवळ घेतले आणि आपल्या मुलांबरोबर वाढविले, शस्त्र शिकविले. ज्याला शास्त्राने पदरात घेतले नाही त्याला एका बाईने घेतले. हाच शमशेरबहादूर मोठा होऊन मराठी फौजेत सरदार झाला आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या बाजूने लढला. समोर अहमदशाह अब्दाली होता. धर्म एक म्हणून शमशेरबहादूर त्या बाजूला गेला नाही. ज्यांनी त्याची मुंज नाकारली त्यांच्या झेंड्याखाली तो घायाळ झाला आणि जाटांच्या मुलखात डीग येथे मरण पावला. वय अवघे सत्तावीस.

त्याचा मुलगा अलीबहादूर याने बुंदेलखंडात, म्हणजे आजीच्याच मुलखात, बांद्याचे राज्य उभे केले. तो १८०२ मध्ये कालिंजरच्या वेढ्याच्या वेळी वारला. त्याचे वंशज बांद्याचे नवाब म्हणून ओळखले गेले. १८५७ च्या उठावात बांद्याचे नवाब दुसरे अलीबहादूर इंग्रजांविरुद्ध उभे राहिले आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या बाजूने लढले. १८५८ मध्ये बांदा पडले, राज्य गेले आणि नवाबांना इंदूरला जाऊन राहावे लागले. ज्या मुलाला पंक्तीत जागा मिळाली नाही, त्याच्या वंशाने सव्वाशे वर्षे ही निष्ठा अशी निभावली. रक्त कोणाचे, हा वाद पुण्याच्या पंडितांनी घातला. उत्तर पानिपताने आणि बांद्याने दिले.

आज मस्तानीबाईंच्या खुणा पाहायच्या असतील तर तीन ठिकाणी जावे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तो महाल पुन्हा उभा केला आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमविलेला हा संग्रह १९७५ मध्ये शासनाच्या स्वाधीन केला. नक्षीदार खांब आणि छत पाहताना, येथे एका बाईने मोहिमेहून परत येऊन विसावा घेतला असेल, हे मनात आणावे. दुसरी खूण मध्य प्रदेशात छतरपूरजवळ धुबेला येथे. तेथे महाराजा छत्रसाल संग्रहालय आहे आणि मस्तानी महाल नावाची वास्तूही. तिसरी पाबळला.

शाळांच्या सहली सिंहगड, शनिवारवाडा, अजिंठा येथे जातात. त्या जरूर जाव्यात. पण एखाद्या वर्षी एक सहल पाबळला न्यावी, असे सुचवावेसे वाटते. सकाळी विज्ञान आश्रमात मुलांनी लोहारकाम, सुतारकाम आणि यंत्रांची कामे पाहावीत. दुपारी कबरीपाशी जावे. तेथे शिक्षकांनी रूपाच्या कथा न सांगता एवढेच सांगावे की, ही बाई घोड्यावर बसत असे. अरबस्तानातून समुद्र ओलांडून आलेल्या जनावराने आणि भीमथडीच्या मातीने मिळून जी ताकद घडली तिच्या जोरावर ही नर्मदेपार जाऊन आली. आणि तिला थांबविले ते शत्रूने नव्हे, घरच्या दाराने. मुलींनी हे विशेष ऐकावे. छत्रसालांनी मुलीच्या हाती लगाम दिला होता. आज आपल्या मुलींच्या हाती पुस्तक द्यायचे, सायकल द्यायची, की पहारा बसवायचा, हे प्रत्येक बापाने आणि भावाने ठरवायचे आहे.

पाबळला गेलात तर कबरीपाशी क्षणभर थांबा. हिंदू असाल तर हात जोडा, मुसलमान असाल तर फातिहा पढा. गावकऱ्यांनी दोन्ही नावांनी ती जागा जपली आहे. शनिवारवाड्याला जे जमले नाही ते या छोट्या गावाने केले आहे. त्याने मस्तानीबाईंना आपले मानले आहे.